सोळा किलोमीटरचा गृहपाठ

सोळा किलोमीटर लांबीचा कागद मिळेल का, असं मी शाळेच्या कार्यालयात विचारलं, तेव्हा कारकुनांनी आधी मला बसायला खुर्ची दिली आणि मग पाणी दिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला दिलेली ही पहिली खुर्ची. मी पाणी प्यायले, पदराने तोंड पुसलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा त्यांनी पंखाही लावला.

दोष माझा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात वरून आलेल्या एका पत्रकाने झाली. ‘मुलांना विषय रंजक वाटतील असे सर्जनशील गृहपाठ द्यावेत,’ असं त्यात लिहिलं होतं. पत्रकच इतकं कंटाळवाणं होतं, की मुख्याध्यापक ते वाचून दाखवताना दोनदा ओळ चुकले. तरी सगळे कामाला लागले. गणिताच्या सरांनी पाढ्यांना चाली लावल्या. त्यातली सतराच्या पाढ्याची चाल अशी चिकट निघाली, की शिपाई घंटा देतानाही ती गुणगुणायचे. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात झाडाचं लग्न सोडून बाकी सगळं लावलं.

राहिला माझा चौथीचा भूगोल.

माझे रोजचे तीन नेम आहेत. सकाळी आठपर्यंत मौन, दिवसभर चढा आवाज नाही, आणि दिलेला शब्द फिरवायचा नाही. त्यातल्या दुसऱ्या नेमामुळे माझा भूगोल तिसऱ्या बाकापर्यंतच पोचतो. चौथ्या बाकापासून मागच्या मुलांना पर्वत कशाने होतात हे आजतागायत कळलेलं नाही, आणि हे मी देवापुढेही कबूल केलेलं आहे. मागची मुलं तशी गुणी. डोळे उघडे ठेवून झोपतात. पण मला आपलं वाटायचं, की एकदा, फक्त एकदा, तास संपल्याची घंटा व्हावी आणि एखाद्या मुलाने जागचं हलू नये. ‘बाई, पुढे काय?’ असं विचारावं. देवाकडे काही मागायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून हे मी मागितलं नाही. नुसतं रोज त्याच्या कानावर घालत गेले.

तर मी गृहपाठ दिला तो असा: आपल्या घराचा नकाशा काढा. एक पाऊल म्हणजे एक बोट, हे माप. खुणांची यादी करा. आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यात दाखवा.

‘‘बाई, सगळी माणसं म्हणजे सगळी?’’

हा प्रश्न टाचणीचा. मुलीचं नाव वेगळं आहे, पण अख्खी शाळा तिला टाचणी म्हणते. बारीक, ताठ, आणि बोलली की टोचते. मी हजेरी भरत होते. खरं सांगायचं तर हजेरीत नव्हतंच मन. आमची मुलगी परदेशात असते, तिचा फोन रविवारी येतो, आणि तो रविवार तसाच गेला होता.

‘‘सगळी,’’ मी म्हटलं.

‘‘मापात?’’

‘‘मापात.’’

दिला शब्द.

चार दिवसांनी नकाशे आले आणि माझ्या वर्गात कधी नव्हे ती गर्दी झाली. दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीला लटकली. एकाने ‘बाबा रागावून बसतात ती जागा’ म्हणून त्रिकोणाची खूण केली होती. घरात असे सात त्रिकोण होते. एकीने आजीची कवळी कुठे असते ते दाखवलं होतं. संध्याकाळी एक आई फाटकाशी मला गाठून म्हणाली, ‘‘काय हो बाई, मी बिस्किटांचा डबा कुठे लपवते ते आता चौथीच्या चौतीस पोरांना ठाऊक झालंय. नवीन जागा तुम्हीच सुचवा.’’

पण त्या नकाशांत मला एक गोष्ट दिसली, आणि ती पाहून मी चष्मा काढून ठेवला. तेहतीसपैकी अठरा नकाशांत कागदाच्या कडेला बाण होता. बाणापुढे लिहिलेलं: ‘दादा, वसतिगृहात’. ‘बाबा, कामावर, दूर’. ‘आजोबा, गावी’. आपण रोज हजेरी घेतो, पण या मुलांच्या घरची हजेरी इतकी कच्ची असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

टाचणीने नकाशाच दिला नाही. ‘‘पूर्ण झाला नाही, बाई. आई कागदाबाहेर जातेय.’’

‘‘मग बाण काढ ना राणी.’’

‘‘बाण मापात नाही. तुम्ही मापात म्हणाला होतात.’’

तिची आई लांबच्या शहरात एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका. वर्षातून दोनदा येते. टाचणी इथे मावशीकडे असते.

आमच्या शेजारी एक काका राहतात. हयातभर त्यांनी रस्त्यांचे आणि पुलांचे आराखडे काढले. आता निवृत्त आहेत, पण भाजी चिरली तरी तुकडे मोजून घेतात. मी टाचणीला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तिचं पाऊल मोजलं, बोट मोजलं, दोन्हींचा भागाकार केला. ‘‘तेहतीसपट. घर तेहतीसपट लहान होतंय. आईचं शहर किती लांब?’’

‘‘पाचशे चाळीस किलोमीटर,’’ टाचणी ताडकन म्हणाली. हे आकडे मुलं पुस्तकातून शिकत नाहीत.

‘‘म्हणजे नकाशात सोळा किलोमीटर आणि वर थोडं.’’ काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. ‘‘अशा वेळी आम्ही काय करतो माहितेय? रस्ता लांब असला की मध्ये दोन वाकड्या रेघा मारतो. म्हणजे मधलं कापलं. सगळे असंच करतात.’’

‘‘मधलं कापलं की आई लवकर येते?’’

‘‘तसं नाही, बाळा.’’

‘‘मग कापायचं कशाला?’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुठल्याही साहेबाने विचारला नव्हता. टाचणी पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मी हळूच विचारलं, ‘‘काका, आणि सात हजार किलोमीटर असेल तर?’’ त्यांनी कोणाचं काय ते विचारलं नाही. कागदावर आकडेमोड करून तो कागद माझ्याकडे सरकवला. दोनशे बारा. मी तो घडी घालून पोथीत ठेवला. उगाच. बाहेर तरी कुठे ठेवणार?

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं मत अगदी साधं होतं. ‘‘अहो ताई, तिला सांगा, छान झालाय नकाशा, आणि द्या दहापैकी दहा. पोरं विसरतात.’’ सल्ला व्यवहारी होता. माझ्या नेमात मात्र बसत नव्हता. म्हणून मी कार्यालयात गेले.

पाणी पिऊन झाल्यावर कारकुनांनी मागणीचा छापील अर्ज काढला. ‘‘यात नगांचा रकाना आहे. लांबीचा नाही.’’

‘‘मग नग एक लिहा.’’

‘‘एक नग कागद, सोळा किलोमीटर,’’ त्यांनी लिहिलं आणि अर्ज वर पाठवला. आठ दिवसांनी तो शेरा घेऊन परत आला: ‘रुंदी नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.’ म्हणजे लांबीबद्दल कोणाची काहीच हरकत नव्हती! कारकुनांचा चेहरा त्या दिवसापासून बदलला. ‘‘बाई, रुंदी सांगा. हे मंजूर होऊ शकतं,’’ असं ते मला जिन्यात कुजबुजून सांगू लागले.

आणि मग तो फोन आला. सकाळी साडेसातला. मुख्याध्यापक.

‘‘बाई, तुमच्या नकाशांची कीर्ती वरपर्यंत गेलीय. मोठे साहेब तपासणीला येतायत. मी सांगू ना त्यांना, की हा शाळेचा प्रकल्प आहे आणि सोळा किलोमीटरचा नकाशा आपण उलगडून दाखवणार?’’

आठ वाजायला अर्धा तास होता. मी फोनवर खाकरले. एकदा नाही, तीनदा.

‘‘बरं वाटत नाहीये का? असो. तुमचा नकार नाही असं धरतो.’’

मी भांडं आपटलं.

‘‘वा, उत्साह आहे!’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आठ वाजून एक मिनिटाने मी परत फोन केला तेव्हा ते साहेबांशी बोलत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी माझ्या अब्रूवर पाणी सोडून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचणीची मावशी आली. एका कपड्यांच्या दुकानात ती हिशेबनिसाचं काम करते. तिथून तशीच उठून आली होती.

‘‘बाई, काय भरवलंत हो तुम्ही तिच्या डोक्यात? काल शाळा सुटल्यावर पोरगी घरी नाही. शोधून शोधून जीव गेला माझा. तर बाईसाहेब पावलं मोजत मोठ्या रस्त्याने निघालेल्या! बस स्थानकापाशी सापडली. मी हाताला धरलं तर मला म्हणते, मावशी, बोलू नको, दोन हजार तीनशे अकरावर आहे.’’

मी बाकावर बसले.

‘‘आम्ही तिच्या आईचा विषय घरात काढत नाही,’’ मावशीचा आवाज खाली आला. ‘‘फोन झाला की दोघी रडतात. इकडे ही जेवत नाही, तिकडे ती. म्हणून फोनही कमी केले. तुम्ही आपली खूण करून टाका ना बरोबरची. संपवा हे.’’

‘‘चूक माझी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तिला एकटीला रस्त्यावर जावं लागलं, कारण मी शब्द देऊन बसले आणि पुरा केला नाही. खोटी खूण केली तर ती पुन्हा मोजायला निघेल. मला तपासणीपर्यंत वेळ द्या.’’

मावशीने डोळे पुसले आणि जाता जाता म्हणाली, ‘‘एवढं हळू बोलता, आणि ऐकत कोणाचं नाही तुम्ही.’’

तपासणीच्या दिवशी सोळा किलोमीटर नव्हे, पण तीनशे मीटर कागद आमच्याकडे होता. वहिनींचे भाऊ छापखान्यात कामाला. त्यांनी रिळांची उरलेली शेपटं दिली होती. एका टोकाला टाचणीने घर काढलं, आणि आम्ही रीळ आईच्या दिशेला, म्हणजे पूर्वेला सोडलं. व्हरांड्यातून पटांगण, पटांगणातून फाटक. कागदाच्या दोन्ही बाजूंना मुलं वाकून बसलेली, कारण वारा होता. मुख्याध्यापक ‘‘दाबा! दाबा!’’ करत पळत होते. फाटकाबाहेर कागद पदपथावर गेला. चपला शिवणाऱ्यांनी त्यावर आपली हातोडी ठेवून मदत केली. केस कापणाऱ्यांनी ‘‘माझ्या दुकानासमोरून नको, गिऱ्हाईक अडखळतंय,’’ म्हणून कागद चार फूट उत्तरेला ढकलला. त्यामुळे काकांचा संताप झाला. ‘‘दिशा चुकली! आई दुसऱ्या गावाला जाईल!’’

तेवढ्यात चौकातून एक गाडी वळली आणि कागदावर थांबली. मागचा दरवाजा उघडून साहेब उतरले. त्यांचा पहिला पाय बरोबर आईच्या रस्त्यावर पडला. तेवढ्यात वाऱ्याने डाव साधला. तीनशे मीटर कागद एकदम उठला, मुख्याध्यापकांना दोन वेढे पडले, आणि फाटला.

कोणी हसलं नाही. टाचणी फाटलेलं टोक धरून उभी होती.

‘‘हे काय आहे?’’ साहेबांनी विचारलं.

सांगायला मी पुढे झाले, पण माझा आवाज तो असा. त्यांनी कानामागे हात धरला. तेव्हा टाचणीच म्हणाली, ‘‘माझ्या घराचा नकाशा. आईपर्यंत जायचाय. अजून सोळा किलोमीटर राहिलंय.’’

साहेबांना उशीर होत होता. बुटाला कागदावरच्या रस्त्याची शाई लागली होती. ‘‘मग उरलेलं बसने जा!’’ ते वैतागून म्हणाले.

माझ्या आधी आमचे कारकून पुढे आले. शेरे लिहायची वही उघडून त्यांनी साहेबांसमोर धरली आणि अत्यंत अदबीने म्हणाले, ‘‘साहेब, तेवढं लेखी मिळालं तर बरं.’’ का कोण जाणे, साहेबांनी टाचणीकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि लिहून दिलं: ‘उर्वरित अंतर बसने पूर्ण करावे.’ खाली सही आणि तारीख.

सरकारी आदेशच तो. शनिवारी अकराच्या बसमध्ये आम्ही बसलो. चौतीस मुलं, काका, कारकून (‘‘अंमलबजावणी पाहायला नको का?’’), आणि शेवटच्या क्षणी हातातली पिशवी सावरत चढलेली मावशी. आमच्याकडून पूर्वेला जाणारी हीच एक बस. बाकीच्या अठरा मुलांची माणसं आठही दिशांना पांगलेली, पण दिशेबद्दल मी कोणाला शब्द दिला नव्हता. अंतराबद्दल दिला होता.

सगळ्यांच्या माणसांची अंतरं काकांनी तेहतीसने भागून आणली होती, आणि चालकाच्या मागे बसून ते अंतराचा आकडा वाचत होते. ‘‘दोन किलोमीटर! वसतिगृहातला दादा कोणाचा?’’ मागच्या बाकावरचा एक जण, तोच उघड्या डोळ्यांनी झोपणारा, खिडकीला नाक लावून ओरडला, ‘‘दादाऽऽ!’’ तिथे टायरचं दुकान होतं. दुकानाबाहेर बसलेल्या माणसाने गोंधळून हात हलवला. मग तो वळून बराच वेळ बसकडे बघत राहिला.

वाहक आधी चिडले होते. ‘‘काय चाललंय? कोण उतरतंय इथे?’’ पण तीन किलोमीटरवर एकीचे आजोबा आले, पाचवर एकाची ताई आली, आणि नऊवर पाण्याच्या टाकीपाशी चौघांचे बाबा एकदम आले. तेव्हा वाहकांनी आपण होऊन घंटी ओढली. ‘‘थांबव रे जरा, बाबा लोक आहेत.’’ चालकाने गाडी सावकाश केली. मुलं हात हलवत होती. टाकीपाशी कोणीही नव्हतं. तरी चौघांपैकी एक जण हात खाली घ्यायला तयार नव्हता, टाकी दिसेनाशी झाली तरी.

मग माणसं संपत गेली आणि बस शांत झाली. शेवटच्या थांब्यावर काका म्हणाले, ‘‘सोळा. वरचं थोडं म्हणजे इथून साडेतीनशे मीटर पुढे.’’

गाड्या वळवायचं मोठं पटांगण, मग एक पडकी भिंत, त्यापलीकडे सिमेंटची मोकळी फरशी. कशाची तरी इमारत तिथे व्हायची राहून गेली होती. टाचणी पावलं मोजत पुढे, आम्ही मागे. फरशीच्या मधोमध ती थांबली.

‘‘इथे.’’

मी तिला खडू दिला. ती उकिडवी बसली आणि तशीच राहिली. मग मान वर करून म्हणाली, ‘‘बाई, आईची खोली कशी आहे? मला माहीत नाही. दार कुठल्या बाजूला आहे?’’

ते मलाही माहीत नव्हतं. आमच्या मुलीच्याही खोलीचं दार मला माहीत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. मावशी पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. ‘‘हिच्या आईची दुपारपर्यंतची पाळी आज नाही,’’ असं कोणाकडेही न बघता ती पुटपुटली, आणि तिने फोन लावून टाचणीच्या हातात दिला.

‘‘आई, रडू नको हं, काम आहे. तुझ्या खोलीचं दार कुठे आहे?’’

फोनचा आवाज मोठा केला होता. पलीकडे खुर्ची सरकली. मग, ‘‘दार? डाव्या हाताला. का गं?’’

‘‘दारापासून खाट किती पावलं?’’

‘‘थांब. मोजते.’’

आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. लांब कुठेतरी एक बाई आपल्या खोलीत चालत होती. ‘‘एक... दोन... तीन. तीन पावलं.’’ टाचणी उठली आणि खडूने रेघ ओढत फरशीवर तीन पावलं चालली.

‘‘अगं, बोटं! तीन बोटं!’’ काका कळवळून म्हणाले. ‘‘एका नकाशात दोन मापं चालत नाहीत!’’

‘‘बोटं रस्त्यात होती, आजोबा. आता पोचलो ना? पोचल्यावर कशाला लहान काढायचं?’’

काकांनी कानामागची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवून दिली.

खिडकी झाली. टेबल झालं. ‘‘टेबलावर काय आहे?’’ ‘‘तुझा फोटो.’’ तोही झाला, चौकोन आणि आत एक ठिपका. वाहक लांबून हाका मारत होते, गाडी सुटायची वेळ झाली होती. मुलांपैकी एकही जागचं हललं नाही. ‘‘बाई, पुढे काय?’’ मागच्या बाकावरच्याने माझा पदर ओढून विचारलं.

‘‘अगं पण सोनू, तू आहेस कुठे?’’ आईने विचारलं.

टाचणीने आपल्या पायांखाली पाहिलं.

‘‘तुझ्या दारात. आत येऊ?’’

‘‘ये. चपला बाहेर काढ आणि ये.’’

टाचणीने चपला काढल्या, रेघेबाहेर नीट जोडीने ठेवल्या आणि आत गेली. तिच्यामागे आम्हाला ओरडायला आलेले वाहक रेघेपाशी येऊन थबकले, आणि आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले.